लालबागेत बसून राखलेला जर्मन पापड

जर्मनीला जाऊन आलेले लोक लिहायला बसले की त्यांच्या लिखाणात नद्या येतात, किल्ले येतात आणि पावाचे नाना प्रकार येतात. माझ्या प्रवासातही पाव आहे, पण तो सकाळ-संध्याकाळ सायकलवरून भोंगा वाजवत चाळीत येणारा. कारण जर्मनीतल्या एका प्रयोगावर काम करायला मी गेलो तो थेट लालबागला, आत्याच्या खोलीत. सोमवारी पोचलो, शनिवारी परतलो. पासपोर्ट घरीच कपाटात होता.

मी जगबुडी नदीच्या काठावरच्या एका गावी, तालुक्यातल्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. एम.एस्सी.ची दोन वर्षं आत्याने मला तिच्या खोलीत ठेवून घेतलं, म्हणजे अभ्यास खोलीत आणि झोप गॅलरीत. पुढे पीएच.डी. झाली, त्यातले काही महिने जर्मनीत त्या यंत्रावर काढले, आणि मग मी गावी परतलो. तिथल्या लोकांनी मला विसरायला हरकत नव्हती. ते विसरले नाहीत, ही त्यांची मेहरबानी.

आधी यंत्र सांगतो, म्हणजे पुढे मी कशाला एवढा घाबरलो ते कळेल. आपल्या आजूबाजूचं बरंचसं सामान ताऱ्यांच्या पोटात शिजलेलं आहे. जड मूलद्रव्यं बहुतेक करून न्यूट्रॉन गिळत गिळत मोठी झाली. पण काही थोडी अणुकेंद्रकं अशी आहेत की ती या रीतीने तयार होणंच शक्य नाही. फुटणाऱ्या ताऱ्यांत ती कशी झाली असतील हे ताडून बघायचं, तर एखादं जड केंद्रक प्रोटॉन कितपत सहज पकडतं ते मोजावं लागतं. अडचण अशी की यातली बरीच केंद्रकं अल्पायुषी असतात. त्यांना टेबलावर ठेवून नेम धरेपर्यंत ती उरलेली नसतात.

म्हणून काम उलटं करतात. प्रोटॉनचा, म्हणजे हायड्रोजन वायूचा, एक बारीकसा पडदा एका जागी सोडतात आणि जड केंद्रकांना एका मोठ्या गोल नळीत चुंबकांनी वळवत सेकंदाला लाखो फेऱ्या मारायला लावतात. या नळीला सगळे रिंग म्हणतात. प्रत्येक फेरीत केंद्रक पडद्यातून जातं. बहुतेक वेळा काहीही होत नाही. मग पुढची फेरी. कधीतरी एखादं केंद्रक प्रोटॉन पकडतं, त्याचा विद्युतभार वाढतो, चुंबक त्याला जरा जास्त वळवतात आणि ते आतल्या बाजूला घसरतं. तिथे सिलिकॉनची एक पातळ चकती टपून बसलेली असते. केंद्रक तिच्यावर आपटलं की आपण म्हणायचं, पकड झाली.

या चकतीला मी पहिल्यापासून मनात पापड म्हणत आलो आहे. जाडी तीच, नाजूकपणा तोच, आणि सतत पहाराही तसाच लागतो. रिंगेत नव्या केंद्रकांचा घाणा सोडतात तेव्हा ती सुसाट आणि पसरलेली असतात. तेव्हा पापड बाहेर ओढून घ्यायचा. मग केंद्रकांना शांत करायचं, त्यांचा वेग ताऱ्यात असतो त्याच्या जवळ उतरवायचा, आणि मग पापड आत सारायचा. मोजणी झाली की पापड बाहेर, नवा घाणा, पापड आत. दिवसभर हेच. पापड आत असताना चुकून नवा घाणा आला, तर पापड मेला. रिंगेच्या आत इतकी पोकळी राखलेली असते की नवा बसवायला नळी उघडली तर ती पुन्हा रिकामी करण्यात आठवडे जातात. तोवर प्रयोगाला मिळालेले दिवस संपलेले असतात, आणि ते दिवस मिळायला लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिलेली असते.

या प्रयोगाची प्रमुख रेगिना नावाची बाई. तिने ठरवलं की तिथल्या माणसांना दहा कामं असतात, तर पापडावर लक्ष ठेवायला लांबचा एक माणूस बसवून बघू. स्क्रीनवर ‘आत’ की ‘बाहेर’ ते दिसतं. नवा घाणा सुटण्याआधी ‘आत’ दिसलं तर फोनवर थांबवायचं, एवढंच काम. हे जमलं, तर पुढच्या खेपेला माझ्या कॉलेजातल्या दोन विद्यार्थ्यांना ती अशा पहाऱ्यावर बसवणार होती. माझ्या वर्गात दोन मुली आहेत, ज्यांनी अजून पुणंही पाहिलेलं नाही. त्यांना हे मी सांगून बसलो होतो. आमच्या गावात इंटरनेटची तार रस्ता रुंद करणाऱ्यांनी तिसऱ्यांदा तोडली, म्हणून मी लालबाग गाठलं.

सोमवार, लालबाग

दारातच आत्या म्हणाली, “जय भीम. केवढा वाळलायस. जेवून घे आधी, मग तुझी जर्मनी.”

सुकट, तांदळाची भाकरी आणि कांदा. गावी सुकट आमच्याकडेही असते, पण लालबागचा मसाला पडला की ती गावाची राहत नाही. आत्याची मुलगी सोनल पालिकेच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि शनिवार-रविवारी, शिवाय कोणी बोलावलं तर मधल्या वारीही, कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून जाते. तिने माझं ऑफिस थाटून दिलं. तांदळाच्या पिंपावर पाट, पाटावर लॅपटॉप, टीव्हीच्या वर वायफायचा डबा. आवाजाची लाइन मोबाइलवर वेगळी ठेवली, म्हणजे एक मेलं तरी दुसरं जिवंत.

“दादा, टेन्शन नको घेऊ ना,” ती म्हणाली. “नेट आपलं एकदम फास्ट आहे. आख्खी चाळ यावरच मॅच बघते.”

हे ऐकून टेन्शन आलं.

तिकडची सकाळची पाळी म्हणजे आपली साडेदहा ते संध्याकाळ. गावी कोणी काम करत बसलं की लोक खोकून आत येतात. चाळीत दार उघडंच असतं, त्यामुळे खोकायचं कारण उरत नाही. शेजारचे शिरोडकर काका, मूळ मालवणचे, जन्म गिरणीत गेलेला, आपली खुर्ची सरळ माझ्या मागे घेऊन बसले.

“काय रे मिलिंदा, गावला काय?”

“अजून नाही सापडलं, काका. आत्ताच बसलोय.”

“कोणाक शोधतंस?”

मी सांगितलं. केंद्रक, फेऱ्या, पडदा, पकड. काकांनी मन लावून ऐकलं आणि मग गॅलरीतून खाली जाहीर केलं, “जर्मनीत काय तरी हरवलाहा. ह्यो हयसून शोधता.”

दुपारपर्यंत आत्याने त्यात भर घातली होती. मिलू जर्मनीला ड्यूटीला लागलाय, घरूनच. दोन बायका अभिनंदन करून गेल्या. एकीने विचारलं, तिकडे शिपायाची जागा आहे का.

मंगळवार, तिथेच

खालच्या मजल्यावर कोणीतरी मिरच्या भाजायला घेतल्या. लालबागेत हे होणारच, वर्षाचा मसाला इथूनच तर जातो. मला सलग शिंका सुरू झाल्या आणि डोळ्यांतून पाणी. फोनवर रेगिनाचा काळजीचा आवाज आला, “मिलिंद, तू आजारी आहेस का? कोणाला बसवू तुझ्या जागी?” (तिच्या इंग्रजीचं मराठी मी करतो आहे. ती मला नावाने हाक मारते आणि मीही तिला तसंच म्हणावं अशी तिची अट आहे. ही अट पाळताना मला दर वेळी कॉलेजच्या पायऱ्या उतरल्यासारखं वाटतं.)

मी म्हटलं, मिरच्या आहेत. तिने मिरच्या या शब्दावर तिथल्या कोणाशी तरी चर्चा केली. पाववाल्याचा भोंगा तिला एव्हाना ओळखू येत होता. पापड हा शब्दही तिने उचलला होता. “पापड आत,” ती म्हणायची, आणि मी म्हणायचो, “पापड आत.” तिच्यामागून कोणीतरी जर्मन गंभीरपणे म्हणायचा, “पापड आत.”

दुपारनंतर ते झालं. मोजणी संपली, नवा घाणा यायची वेळ झाली. रेगिना म्हणाली, “अर्धा मिनिट.” माझ्या स्क्रीनवर पापड ‘आत’ होता. चुकून असेल, आत्ता बदलेल. बदलला नाही. त्याला सरकवणारी मोटर अडकली होती.

मी तोंड उघडलं. आणि तोंडातून काय यावं?

“एक्स्क्यूज मी मॅडम, सॉरी टु डिस्टर्ब यू, आय होप दिस इज अ गुड टाइम, आय जस्ट वॉन्टेड टु हंबली ब्रिंग टु युवर काइंड नोटिस...”

आमच्या शाळेत इंग्रजी असंच शिकवलं होतं. रजेच्या अर्जातून. मुख्याध्यापकांशी बोलायचं ते असं, आणि जगात आपल्याहून मोठा जो कोणी असेल तो मुख्याध्यापक. ‘काइंड नोटिस’पर्यंत पोचलो तेव्हा पलीकडे खुर्ची ढकलल्याचा आवाज आला आणि रेगिना जर्मन भाषेत एकच शब्द ओरडली. घाणा थांबला. तिची स्वतःचीच नजर तिकडे गेली म्हणून पापड वाचला.

मोटर सोडवून झाल्यावर ती लाइनवर आली. चिडलेली नव्हती. त्यापेक्षा वाईट होतं, ती समजावत होती.

“मिलिंद, तुझी प्रस्तावना चालू होती तेव्हा पापड आतच होता. तुला तो दिसला होता का?”

“हो.”

“किती वेळ?”

“सुरुवातीपासून.”

मग ती म्हणाली, “लांबून बसलेल्या माणसाने मला थांबवलं नाही, तर तो फक्त प्रेक्षक आहे. प्रेक्षक मला नकोत. पुन्हा असं झालं तर मी ही जागा बंद करीन. तुझीही आणि तुझ्या विद्यार्थ्यांचीही. कळलं?”

“येस मॅडम,” मी म्हटलं. “सॉरी मॅडम. थँक यू मॅडम.”

मागून शिरोडकर काका म्हणाले, “गावला काय?”

बुधवार, ठाकूरद्वार आणि परळ

सकाळीच निरोप आला की तिकडे वीजपुरवठ्याचा एक भाग बसला आहे, आज रिंग बंद. मोठ्या यंत्रांचं हे असंच असतं, त्यांना चालू राहण्यापेक्षा बंद पडण्याचा सराव जास्त. आत्या म्हणाली, घरात तोंड पाडून बसू नकोस, जा फिरून ये. मी चिंचपोकळीच्या कारखान्यांवरून चालत निघालो. एकेका गाळ्यात दोन माणसं आणि एक यंत्र मावलेलं, आणि तिसरा माणूस फुटपाथवर उभा राहून आतल्यांना सूचना देतोय. सूचना ओरडूनच. कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पुढे बस पकडून ठाकूरद्वारला उतरलो.

ठाकूरद्वारच्या वाड्यांत शिरलं की आवाज एकदम मागे राहतो. एक देऊळ, लाकडी जिना, वाळत घातलेली धोतरं, आणि जिन्यावर बसून कुणी तरी कुणाच्या तरी मुलीचं लग्न जमवत असतं. एम.एस्सी.ला असताना मी इथे उगाच यायचो. घरमालक असल्यासारखं चालायचो.

जेवायला एका खानावळीत गेलो. आमच्या गावी अनोळखी माणसाच्या टेबलावर बसायचं तर आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग जेवणावरची वासना जाते. इथे समोरचे गृहस्थ मान वर न करता “सरका” म्हणाले आणि माझी सोय झाली. सुरमई आली, भात आला. सोलकढी येईना. मी वाढप्याला दोनदा म्हटलं, “दादा, जरा सवड झाली की सोलकढी मिळेल का?” त्याने दोन्ही वेळा माझ्याकडे प्रेमाने बघितलं आणि निघून गेला.

गृहस्थ ओरडले, “ए, सोलकढी!”

दोन वाट्या आल्या. एक त्यांनी ठेवून घेतली.

“काय करता आपण?” त्यांनी विचारलं.

“फिजिक्स शिकवतो. सध्या जर्मनीतल्या एका यंत्रावर लक्ष ठेवायला आलोय.”

त्यांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. “जर्मनी तुम्हाला ठाकूरद्वारला कुठल्या बाजूला लागली?”

मी सगळं सांगितलं. ते चांगले श्रोते होते, म्हणजे जेवत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे ते बिचारं लाखो चकरा मारतं आणि हाताला काही लागत नाही.”

“बहुतेक वेळा नाही.”

“बरं वाटलं ऐकून. मला वाटायचं हे फक्त सरकारी ऑफिसातच होतं.”

संध्याकाळी परळच्या एका मैदानात सोनलचा सामना होता. गिरणगावात कबड्डी बघायला बायका स्वयंपाक आटोपून येतात आणि खेळाडूंना घरच्या नावाने हाका मारतात. सोनल पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात शिट्टी. घरात ती मला दादा म्हणून चहा देते. इथे ती कोणाचीच बहीण नव्हती. स्थानिक संघाचा चढाईपटू पलीकडे गेला, एकाला शिवला आणि बाजूच्या रेषेवरून सुसाट परत यायला लागला. मैदान उभं राहिलं. तेवढ्यात शिट्टी. सोनलचा हात वर. बाद.

मग जे झालं ते मला घाबरवायला पुरेसं होतं. सहा फुटी संघनायक तिच्या अंगावर आला. “ओ ताई! कुठे गेला पाय? दाखवा ना! कुठे गेला?” मागे आख्खी वस्ती बोंबलत होती. सोनलने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात वरच ठेवला. सगळा खेळ जागच्या जागी थांबला तेव्हा तिने रेषेकडे बोट केलं आणि म्हणाली, “चुना बघ तिथला. बाहेर. चल, खेळ.”

नंतर भेळ खाताना मी विचारलं, “तुला पक्कं दिसलं होतं?”

“खरं सांगू? पाय नाय दिसला. चुना उडाला तेवढा दिसला.”

“मग चुकली असतीस तर?”

“तर चुकले असते. खेळ थांबला की बघता येतं रे. चालू राहिला तर कोण बघणार, तुझी ती जर्मन?” तिने माझ्या द्रोणातली शेव उचलली. “का रे? काय झालं? तोंड का असं?”

मी तिला मंगळवारचं सांगितलं. ‘काइंड नोटिस’सकट. ती इतकी हसली की भेळवाल्याने पाणी आणून दिलं. मग मी त्या दोन मुलींचं सांगितलं, तेव्हा हसायची थांबली.

“उद्या शाळा दुपारची आहे माझी,” ती म्हणाली. “सकाळी बसू.”

गुरुवार, पुन्हा लालबाग

सकाळी तिने चहाचा भरलेला पेला हातात घेतला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“मी हा चहा तुझ्या मांडीवर ओतणारे. अडव.”

“सोनल, अगं, मला वाटतं आपण जरा...”

पहिला थेंब पँटवर पडला.

“अगं भाजेल तो!” आत्या म्हणाली.

“भाजू दे. परत. अडव.”

“थांब ना, प्लीज.”

“ ‘प्लीज’ म्हणेस्तोवर ओतून झाला, दादा. आवाज कुठनं येतोय तुझा? गळ्यातनं. पोटातनं काढ.”

माझी पँट तीनदा भिजली. चौथ्यांदा मी असा ओरडलो की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, कोण गेलं. शिरोडकर काका धावत आले, “गावला?” म्हणत. आत्याने सगळ्यांना सांगितलं की मिलूची परीक्षा आहे. हे एका अर्थी खरंच होतं.

साडेदहाला रिंग पुन्हा चालू झाली. सोनल शाळेत गेली. दुपारपर्यंत पापड आत, पापड बाहेर, सगळं शिस्तीत. आत्याही अगदी जपून वावरत होती. जर्मनीला आपल्या घरचा आवाज जातो हे कळल्यापासून ती भांडीसुद्धा पदरात धरून घासायची. मी स्क्रीनला पाठ दिली नाही.

जेवणानंतरच्या वेळेला रेगिना म्हणाली, “अर्धा मिनिट.”

स्क्रीनवर, ‘आत’.

मी डोळे चोळले. ‘आत’. मनात अर्जाची पहिली ओळ तयार झाली. ती मला दिसत होती, अगदी समासासकट. मी ती तिथेच सोडली आणि पोटातून ओरडलो,

“थांबव! अगं थांबव, रेगिना! स्टॉप! स्टॉप!”

गॅलरीतलं बोलणं बंद पडलं. फोनवर खटाखट आवाज आले. मग तिचा आवाज, शांत, “थांबवलं. घाणा फेकून दिला. काय दिसलं तुला?”

“पापड आत आहे.”

“इथे बाहेर दिसतोय.”

“माझ्याकडे आत आहे.”

“मिलिंद, मी कॅमेऱ्यात बघतेय. तो बाहेर आहे.”

मी मान वर केली. टीव्हीवरच्या वायफायच्या डब्यावर एकही दिवा नव्हता. त्याची वायर खाली लोंबत होती, आणि प्लगच्या जागी दुसरीच एक वायर घुसली होती. ती माझ्या मागून, जमिनीवरून, मोरीजवळ ठेवलेल्या एका गोधडीच्या गाठोड्यात शिरत होती. गाठोडं मंद थरथरत होतं. आत्या त्यावर दोन्ही हात दाबून बसली होती.

“आते,” मी म्हटलं, “ते काय आहे?”

“मिक्सर,” आत्या कुजबुजली. “चटणी करत्ये. आवाज जाऊ नये म्हणून गुंडाळलाय. तू काम कर.”

म्हणजे गेली काही मिनिटं मी एका मेलेल्या स्क्रीनवर पहारा देत होतो. हे जर्मनीला कसं सांगावं याला कुठल्याही अर्जात नमुना नव्हता. मी जसं झालं तसं सांगितलं. आत्या, चटणी, गोधडी, प्लग. पलीकडे कोणीतरी हसायला फुटलं, मग दुसरं, आणि मग सगळी कंट्रोल रूम हसत असल्याचा आवाज लालबागेत ऐकू आला. एक माणूस सोडून. रेगिना हसत नव्हती.

“एक घाणा वाया गेला,” ती म्हणाली.

“हो.”

“तुझ्या जागेचं काय करायचं ते उद्या सांगते. प्लग परत लाव.”

संध्याकाळी आत्या जेवली नाही. ती चटणी कोणालाच खाववेना. “माझ्यामुळे गेलं का रे तुझ्या पोरींचं?” तिने विचारलं. मी ‘नाही’ म्हटलं, आणि माझ्या आवाजावरून तिला कळलं की मला माहीत नाही. माझ्या एम.एस्सी.च्या परीक्षेच्या वेळी हीच बाई मला दिवा मिळावा म्हणून अंधारात भाकऱ्या थापायची.

शुक्रवार, शेवटचा दिवस

सकाळी रेगिनाने पहिल्यांदा मोजणीचं चित्र पाठवलं. आठवडाभराच्या नोंदी एकावर एक रचल्यावर, इकडेतिकडे विखुरलेल्या ठिपक्यांत एके ठिकाणी ठिपक्यांचा एक छोटा पुंजका दिसत होता. ज्या जागी पकड झालेली केंद्रकं पडायला हवीत, त्याच जागी. अगदी थोडी. फुटत्या ताऱ्यात सेकंदभरात जे उधळलं जातं ते मोजायला आम्हाला आठवडा लागला होता, आणि एवढंसं मिळालं होतं. मला ते फार सुंदर दिसलं.

“काकानू,” मी म्हटलं, “गावला.”

शिरोडकर काकांनी चष्मा लावला, स्क्रीनजवळ नाक नेलं, बराच वेळ बघितलं. “ह्या?” ते म्हणाले. “ह्या तर स्क्रीन पुसूक व्हया.”

संध्याकाळी पाळी संपताना रेगिना म्हणाली, “मिलिंद, कालचं. मी इथल्या लोकांशी बोलले. तुझ्या समोर ‘आत’ दिसत होतं?”

“हो.”

“आणि तू ओरडलास. कारणं न देता.”

“हो. चुकीचा ओरडलो.”

“चुकीचं थांबवलं की काही मिनिटं जातात. न थांबवलं की वर्ष जातं. मला अशी माणसं हवी आहेत.” मग तिचा आवाज पहिल्यांदा सैल झाला. “तुझ्या दोन्ही विद्यार्थ्यांना घेऊ. अट एक, त्यांच्या इंटरनेटचा प्लग असा असावा की त्यावर चटणी होणार नाही. आणि अट दुसरी. मंगळवारी तुला बोलता येत नव्हतं, गुरुवारी येत होतं. मधे कोणी शिकवलं?”

मी सोनलकडे बघितलं. ती दारात उभी राहून भाकरीचा तुकडा खात होती. मी सांगितलं, कबड्डीची पंच आहे, माझी बहीण आहे.

“मग विद्यार्थ्यांनाही तीच शिकवेल,” रेगिना म्हणाली.

सोनलला मी हे मराठीत सांगितलं तेव्हा तिचा घास अडकला. “मी? दादा, येडा झालायस का? मला सायन्सला काठावर पास केलं होतं, ते पण बाईंनी दया येऊन.”

आत्या मात्र उठून मोरीकडे गेली आणि कालची चटणी घेऊन आली. आम्ही सगळ्यांनी खाल्ली. तिखट होती, आणि फारच बारीक वाटली गेली होती.

गावी परतल्यावर

सुट्टी लागताच सोनल आली. तिने आमच्या कॉलेजच्या पटांगणात चुन्याची एक रेषा मारली, दोन्ही मुलींना एका टोकाला उभं केलं आणि मला दुसऱ्या. “हे सर म्हणजे जर्मनीतला घाणा,” तिने सांगितलं. “रेषेच्या पुढे गेले की सगळं जळालं. अडवायचं.”

मी चालायला लागलो. पहिली मुलगी म्हणाली, “सर...” आणि मी रेषेपलीकडे गेलो. सोनलने मला परत पाठवलं. दुसरी तेवढंही बोलली नाही, नुसती उभी राहिली. दोघी वर्गात आत येण्याची परवानगीसुद्धा इतक्या हळू मागतात की मी ती ओठांवरून वाचतो. खिडक्यांतून सगळं कॉलेज बघत होतं. मला किती चढाया माराव्या लागल्या ते मोजायचं नाही असं मी ठरवलं. ऊन चढलं. माझा शर्ट पाठीला चिकटला. सोनल दर वेळी फक्त म्हणायची, “जळालं. परत.”

मग एकदा मी रेषेपाशी आलो, पाय उचलला, आणि पहिल्या मुलीने डोळे गच्च मिटून मुठी आवळल्या.

“थांबा!”

आवाज कॉलेजच्या भिंतीवर आपटून परत आला. मी एका पायावर थांबलो. ऑफिसचं दार उघडून प्राचार्य धावत बाहेर आले, “काय झालं? कोण ओरडलं सरांवर?” असं विचारत थेट आमच्याकडे, आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे असल्यामुळे रेषा त्यांना दिसत नव्हती.

मुलीने डोळे उघडले. तिने प्राचार्यांकडे बघितलं, त्यांच्या बुटांकडे बघितलं, आणि हात वर केला.

“तुम्ही पण थांबा,” ती ओरडली.

प्राचार्य थांबले.